शाळेचा हेडमास्तर किती वर्षं टिकतो, हे कुणी विचारतच नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत देशातल्या नामवंत बोर्डिंग शाळांवर दोन पानं होती. फोटो झकास होते, घोड्यावर बसलेली मुलं, मागे डोंगर, लाल विटांची बिल्डिंग वगैरे, फी किती ते होतं, अॅडमिशन कधी सुरू होतात ते होतं, कोणकोण मोठी माणसं तिथून शिकून बाहेर पडली त्यांची तर भलीमोठी यादीच होती. फक्त एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे या शाळा सध्या चालवतंय कोण आणि तो माणूस तिथे किती वर्षं आहे. मला विचाराल तर पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, स्विमिंग पूल नंतर बघा. पत्र लांबलंय, तुम्ही कात्री लावणार हे माहितीये, पण मधला भाग तेवढा ठेवा.

मी रिटायर्ड मास्तर. गणित शिकवायचो आणि नोकरीचा बराचसा काळ निवासी शाळेत गेला, म्हणजे दिवसा फळ्यासमोर आणि रात्री हॉस्टेलचा रेक्टर. आमच्या शाळेचं नाव इथे घेत नाही, मुद्दा एका शाळेचा नाहीये. त्यापेक्षा जिचा सगळा इतिहास उघड आहे, जिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय अशी शाळा घेऊ, डेहराडूनची दून स्कूल, तुमच्या पुरवणीतही तिचाच फोटो सगळ्यात मोठा होता.

दून म्हटलं की आपल्याकडे लगेच राजीव गांधी आठवतात आणि ऐंशीच्या दशकात त्यांच्याभोवती जमलेली दूनवाली मंडळी, मग नवीन पटनाईक, विक्रम सेठ, अमिताव घोष असं करत करत गाडी पुढे जाते. पण शाळा सुरू कशी झाली ते फार कमी लोकांना माहीत असतं. कल्पना कलकत्त्याचे बॅरिस्टर सतीश रंजन दास यांची, चित्तरंजन दासांच्याच घराण्यातले, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लॉ मेंबर, म्हणजे कायदा खातं सांभाळणारे होते. त्यांचं म्हणणं असं की इंग्लंडातल्या पब्लिक स्कूलसारखी शाळा आपल्याकडे हवी पण ती राजेरजवाड्यांच्या पोरांपुरती नको. कारण तोवर जे होतं ते सगळं तसलंच होतं, राजकोटचं राजकुमार कॉलेज, अजमेरचं मेयो कॉलेज, ही राजपुत्रांसाठीच काढलेली, मेयोत तर संस्थानागणिक वेगळं हाउस, म्हणजे मुलांची राहायची इमारत, आणि पोरगं येताना नोकरचाकरांचा लवाजमा घेऊन यायचं. आपल्या शिंद्यांची ग्वाल्हेरची शाळा, जी आज किल्ल्यावर आहे, तीसुद्धा १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठीच निघाली होती.

दासांनी वर्गण्या गोळा केल्या, सोसायटी उभी केली आणि १९२८ ला ते गेले, शाळा काही बघायला मिळाली नाही. पुढे ते काम नेटाने ज्यांनी नेलं त्यांच्यात सर जोसेफ भोर होते. हे भोर म्हणजे आपल्याकडचेच बरं का, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात, सरकारी आरोग्य खात्यातली माणसं त्यांना भोर कमिटीमुळे ओळखतात. फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट नव्या इमारतीत गेल्यामुळे तिची जुनी चांदबागची जागा मोकळी होती, ती मिळाली, आणि १० सप्टेंबर १९३५ ला सत्तर मुलांवर शाळा सुरू झाली. रीतसर उद्घाटन ऑक्टोबरात झालं, व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन आले होते.

पहिला हेडमास्तर आणला तो थेट इंग्लंडातल्या ईटन शाळेतून, आर्थर फूट, तिथे सायन्स शिकवायचे. आता बघा, शाळा भारतीयांनी काढलेली, पैसा भारतीयांचा आणि हेडमास्तर साहेब. त्या काळात हे कुणाला खटकलं नसेल असं नाही, पण बोर्डाचा हिशोब असा की पालकांना भरवसा वाटायला हवा तर ईटन-हॅरोचा शिक्का हवा. पण फूट नुसतेच शिक्क्यापुरते नव्हते हे मानायला हवं. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की इथून बाहेर पडणारा मुलगा उच्चवर्गातला असेल तर तो सेवेमुळे, पैशामुळे किंवा घराण्यामुळे नव्हे. आता हे वाक्य पुढे किती पाळलं गेलं हा वेगळा विषय, वर्षाला दहा लाखांच्या वर फी असलेल्या शाळेबद्दल आपण काय बोलणार. पण ब्रिटिश राज्यात, इंग्रज हेडमास्तरच्या हाताखाली, १९३५ पासून त्या शाळेत मुलं 'जन गण मन' शाळागीत म्हणून गात होती. राष्ट्रगीत म्हणून ते अधिकृत झालं १९५० च्या जानेवारीत. मला तरी ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा खरी वाटली नव्हती.

दूनबद्दल लिहिणारे अजून एक गोष्ट फार कौतुकाने सांगतात की तिथे सगळ्या जातीधर्माची मुलं पहिल्या दिवसापासून एकाच डायनिंग हॉलमध्ये एकत्र जेवायला बसली. कौतुक आहेच. पण अहो, आमच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे १९२४ लाच करून दाखवलं होतं, छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये, आणि तेही संस्थानिकांच्या देणगीवर आणि टाटांच्या पैशावर नाही, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडून पोरांना जेवू घातलं. महार, मांग, मराठा, मुसलमान सगळी एका पंगतीला. १९२७ ला गांधीजी येऊन बघून गेले. त्याच्याही आधी, १९०१ ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलं बोर्डिंग काढलं. म्हणजे बोर्डिंगचा इतिहास लिहायचा झाला तर तो डेहराडूनपासून सुरू करायची गरज नाही, तुमच्या पुरवणीत या दोघांना एक चौकट तरी द्यायला हवी होती, मराठी पेपर आहे हा शेवटी. असो. फाटा फुटला, पण पूर्ण फुटला नाही, कारण त्या बोर्डिंगची सगळ्यात मोठी ताकद हीच होती की भाऊराव आणि लक्ष्मीबाई तिथेच, पोरांच्यात राहत होते. पाच वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आले नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. फूट १९३५ ते १९४८ राहिले, तेरा वर्षं. त्यांच्यानंतर आले जॉन मार्टिन, ते मूळ इंग्लंडातल्या हॅरो शाळेचे पण शाळेत अगदी सुरुवातीपासून होते, फूट यांच्या हाताखालीच तयार झालेले, ते राहिले अठरा वर्षं, १९६६ पर्यंत. म्हणजे पहिल्या एकतीस वर्षांत हेडमास्तर दोन. आणि दुसरा हा पहिल्याच्याच स्टाफरूममधला, त्यामुळे खुर्ची बदलली तरी शाळा हलली नाही. मार्टिन तर रिटायर झाल्यावरही डेहराडूनलाच राहिले, शेवटपर्यंत.

या दोघांमुळे कसली माणसं स्टाफमध्ये टिकली ते बघा. होल्ड्सवर्थ म्हणून होते, १९३१ च्या कामेट मोहिमेत शिखरावर पोचलेले गिर्यारोहक. जॅक गिब्सन होते, तेनझिंगबरोबर बंदरपूंछवर गेलेले. गुरदयाल सिंग होते, ज्यांनी १९५१ ला त्रिशूल सर केलं. ही माणसं सुट्टीत मुलांना हिमालयात घेऊन जायची, आणि आपल्या देशात हौशी गिर्यारोहण जे रुजलं त्यात या एका स्टाफरूमचा वाटा फार मोठा आहे. आता असली माणसं एका जागी दहा-पंधरा वर्षं का राहतात? पगारासाठी तर नक्कीच नाही. वरचा माणूस उद्या असेल की नाही याची चिंता नसते म्हणून राहतात. गिब्सन पुढे १९५४ ला मेयोला प्रिन्सिपॉल म्हणून गेले आणि तिथेही पंधरा वर्षं ठाण मांडून बसले, आणि ते राजपुत्रांचं कॉलेज एका नॉर्मल शाळेच्या वळणावर आणलं. हे दोन वर्षांत होणारं काम नव्हे.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही आणि ती सांगायलाच हवी. १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि दूनचा हेडमास्तर १९७० पर्यंत इंग्रजच होता. मार्टिन यांच्यानंतर क्रिस्टोफर मिलर आले ते पण इंग्रज, चार वर्षं होते. तेवीस वर्षांत बोर्डाला एक भारतीय माणूस सापडू नये? तेव्हा देशात कॉलेजं चालवणारी, विद्यापीठं चालवणारी माणसं होती की. सापडला तो १९७० ला, कर्नल एरिक सिमियन. आणि गंमत बघा, हे सिमियन आधी कुंजपुऱ्याच्या सैनिक स्कूलचे पहिले प्रिन्सिपॉल होते, जी १९६१ ला निघाली, म्हणजे आमच्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्याच वर्षी. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याची, २३ जून १९६१, यशवंतराव चव्हाण आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या पुढाकारातून. तर सरकारी सैनिक शाळेत तयार झालेला माणूस दूनला पहिला भारतीय हेडमास्तर म्हणून गेला, आणि नऊ वर्षं राहिला.

त्यांच्यानंतर गुलाब रामचंदानी, शाळेत शिकलेला मुलगाच हेडमास्तर झाला असं पहिल्यांदा घडलं, तेही नऊ वर्षं. मग १९८८ ला शोमी दास, म्हणजे ज्यांनी शाळेचं स्वप्न पाहिलं त्या सतीश रंजन दासांचे नातू. आता नातू म्हटल्यावर लोकांना वाटेल घराणेशाही, पण या माणसाचा बायोडेटा बघा, स्कॉटलंडच्या गॉर्डनस्टन शाळेत फिजिक्स शिकवलेलं, मग मेयोचे प्रिन्सिपॉल, मग सनावरच्या लॉरेन्स स्कूलचे चौदा वर्षं हेडमास्तर, आणि त्यानंतर दून. तीन तीन मोठ्या शाळा चालवलेला दुसरा माणूस आपल्याकडे शोधून सापडणं कठीण. मला त्यातलं सनावर महत्त्वाचं वाटतं. १८४७ ची ती शाळा, मुळात ब्रिटिश सोल्जरांच्या पोरांसाठी काढलेली, तिथे चौदा वर्षं टिकून राहिल्यावर मग दून. हल्ली तीन वर्षात तीन शाळा करून येणाऱ्याला 'डायनॅमिक' म्हणतात.

पुढचं भराभर सांगतो कारण तेही भराभरच घडलं. १९९६ ला जॉन मेसन, सात वर्षं. २००३ ला कांती बाजपाई, जेएनयूत आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणारे प्राध्यापक, सहा वर्षं, त्यांच्याच काळात आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आला. २००९ ला परत परदेशी हेडमास्तर, पीटर मॅक्लॉक्लिन, सात वर्षं. २०१६ ला मॅथ्यू रॅगेट, जर्मनीतल्या लाइपझिगच्या इंटरनॅशनल स्कूलमधून आलेले, चार वर्षं. आणि २०२० ला जगप्रीत सिंग, नाभ्याच्या पंजाब पब्लिक स्कूलमधून, म्हणजे कोविडमध्ये देशातली सगळी हॉस्टेलं रिकामी पडलेली असताना खुर्चीवर बसायची वेळ आली त्यांच्यावर. बोर्डिंग शाळा आणि आत मुलंच नाहीत, असा अनुभव वाट्याला आला.

बेरीज करा, माझी जुनी सवय. १९३५ ते १९६६ एकतीस वर्षांत दोन. १९६६ ते २०२० चोपन्न वर्षांत आठ. सरासरी साडेपंधरावरून पावणेसातवर आली. आणि दून ही त्यातल्या त्यात स्थिर शाळा आहे हं. खाली उतरून मधल्या फळीतल्या खाजगी निवासी शाळा बघितल्या तर तिथे सहा-सात वर्षं हा विक्रम समजतील.

कुणी म्हणेल त्यात काय एवढं, कंपनीचा सीईओ बदलतो, बँकेचा मॅनेजर बदलतो, काम चालूच राहतं. डे स्कूलमध्ये चालतं पण. रयतच्या शाळांमधून हेडमास्तरांच्या बदल्या होतातच की, गाव शाळा धरून ठेवतं, पोरगं संध्याकाळी घरी जातं, आई विचारते आज काय झालं. बोर्डिंगमध्ये संध्याकाळी घरी जायला घर नसतं. तिथे दुपारी चारनंतर जे काही होतं, म्हणजे खेळ, मेस, प्रेप म्हणजे संध्याकाळचा अभ्यास, रात्रीची हजेरी आणि लाइट बंद झाल्यावर डॉर्मिटरीत जे काही चालतं ते, त्या सगळ्याचा मालक प्रिन्सिपॉल असतो आणि तो जर नवीन असेल तर मालक कोणीतरी दुसराच होतो. कोण? मोठी मुलं. अकरावी-बारावीची. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, रेक्टर म्हणून बघितलंय. नवा प्रिन्सिपॉल आला की पहिलं वर्षभर त्याला कळतच नाही की कुठल्या हाउसमध्ये खरी सत्ता कुणाची आहे, आणि तोवर सीनियर पोरं आपले नियम बसवून टाकतात, सहावीतल्या पोराने कुणाचे बूट पुसायचे, कुणाची बादली भरायची, कुणी तक्रार केली तर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. कागदावर रॅगिंग-विरोधी कमिटी असते, तिच्या मीटिंगचे मिनिट्स पण असतात.

आमच्याकडे एक प्रिन्सिपॉल होते, बरीच वर्षं होते. स्वभावाने कडक, कधीकधी वैताग यायचा त्यांचा, स्टाफ मीटिंगमध्ये मास्तरांनाच झापायचे. पण रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन एक राउंड मारणार म्हणजे मारणार, पावसात पण. जूनमध्ये नवीन बॅच आली की सहावीतली एक-दोन मुलं पहिल्या महिन्यात अंथरूण ओलं करायचीच, दहा-अकरा वर्षांची लेकरं, पहिल्यांदा घर सोडलेलं. सरांनी मेट्रन बाईंना, म्हणजे हॉस्टेलात मुलांची देखभाल करणाऱ्या बाईंना, सांगून ठेवलेलं की सकाळच्या घंटेच्या आधी वीस मिनिटं त्या मुलाला हळूच उठवायचं, चादर बदलायची, ओली चादर धुवायच्या गाठोड्यात बाकीच्यांच्यात मिसळून टाकायची. शेजारच्या कॉटवरच्या पोराला पण पत्ता लागायचा नाही. हे कुठल्याही रूलबुकात नव्हतं. सरांना माहीत होतं कारण अशा कितीतरी बॅचेस त्यांनी बघितल्या होत्या.

ते गेले आणि नवे आले, मोठ्या पॅकेजवर. वाईट माणूस नव्हता, उलट बोलायला फार गोड. पहिल्या महिन्यात व्हिजन डॉक्युमेंट आलं, चकचकीत कागदावर. हाउसची नावं बदलली, टायचा रंग बदलला, टाइमटेबल बदललं, सकाळची पीटी संध्याकाळी गेली आणि दोन महिन्यांनी परत सकाळी आली. मेट्रन बाईंना खर्च कमी करायच्या नावाखाली काढलं आणि हाउसकीपिंगचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. कॉन्ट्रॅक्टरची माणसं आठ वाजता यायची. म्हणजे घंटा होऊन गेल्यावर, सगळी डॉर्मिटरी उठलेली असताना. त्या वर्षी दिवाळीनंतर किती मुलं परत आलीच नाहीत ते ऑफिसला माहीत होतं, पण कारण म्हणून सगळ्यांच्या दाखल्यावर 'पालकांची इच्छा' लिहिलं गेलं. आणि हे साहेब दुसरं वर्ष संपता संपता एका इंटरनॅशनल स्कूलला निघून गेले. निरोप समारंभ छान झाला. पुढच्या साहेबांनी टायचा रंग परत बदलला.

दून स्कूलमध्ये मुलगा सातवीला म्हणजे डी फॉर्ममध्ये येतो, मग सी, बी, ए, एससी आणि शेवटी बारावीला एस फॉर्म, म्हणजे सहा वर्षं. सैनिक स्कूलला सहावी ते बारावी सात वर्षं. माझं म्हणणं एवढंच आहे की हेडमास्तर किमान एक बॅच आत येताना आणि तीच बॅच बाहेर पडताना बघेल एवढा तरी टिकावा. कारण वर म्हटलं ते सीनियर मुलांचं राज्य मोडायचं असेल तर त्याला एकच रस्ता आहे, सहावीत आलेली पोरं तुमच्या डोळ्यांसमोर बारावीत जायला हवीत, तुमच्या वळणावर वाढलेली. चार वर्षांच्या हेडमास्तरला ते जमत नाही, तो कितीही हुशार असो, कारण त्याने अॅडमिशन दिलेला एकही मुलगा तो असेपर्यंत बारावी पास होतच नाही.

आमच्या साताऱ्याच्या सैनिक स्कूलबद्दल मला आपुलकी आहे, इथून एनडीएला गेलेली कितीतरी पोरं माझ्या ओळखीची आहेत, आणि २०२१ पासून सैनिक शाळांत मुलीपण घ्यायला लागले हे फार चांगलं झालं. पण जुन्या सैनिक शाळांमध्ये प्रिन्सिपॉल लष्करातला, नौदलाचा किंवा हवाई दलाचा चालू नोकरीतला अधिकारी असतो, डेप्युटेशनवर येतो आणि साधारण तीनेक वर्षांत पुढच्या पोस्टिंगला जातो. फौजेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, युनिट असंच चालतं. पण सात वर्षांत एक मुलगा दोन-तीन प्रिन्सिपॉल बघणार. आणि फौजेतलं हँडिंग-टेकिंग ओव्हर मी जवळून बघितलेलं आहे, फार शिस्तीत होतं, खुर्च्या किती, घोडे किती, गाड्या किती, सगळ्याची यादी होऊन सह्या होतात. कुठल्या हाउसमधला कुठला मुलगा घरच्या भांडणामुळे गेले दोन महिने गप्प आहे, त्याची यादी नसते. तिथले शिक्षक मात्र वर्षानुवर्षं तेच असतात, शाळा खरी त्यांनीच धरून ठेवलेली आहे, त्यांना कुणी विचारत नाही. आता २०२१ नंतर खाजगी संस्थांबरोबर भागीदारीत नव्या सैनिक शाळा द्यायला सुरुवात झालीय, तिथे प्रिन्सिपॉल नेमणार ती संस्था. तिथली तऱ्हा काय होते ते बघायला हवं, कारण संस्थाचालकांना प्रिन्सिपॉल म्हणजे आपला मॅनेजर वाटतो हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

उलटी बाजू पण आहे आणि ती मला मान्य आहे. फार वर्षं एकाच माणसाच्या हातात शाळा राहिली की तिथे दरबार तयार होतो. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो अशी परिस्थिती मास्तरांची होते, काही चुकीचं घडलं तर ते दाबलं जातं कारण सगळेच त्यांच्या मर्जीतले. बोर्डिंगमध्ये हे जास्त धोक्याचं कारण आत काय चाललंय ते बाहेर कळतच नाही. राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल मॅक्नॉटन हे मरेपर्यंत म्हणजे जवळपास पंचवीस वर्षं त्या खुर्चीत होते, क्रिकेटवाले रणजितसिंहजी त्यांच्याच हाताखाली शिकले, पण म्हणून सगळीकडे असं असावं असं मी म्हणणार नाही. सहा-सात वर्षं पक्की द्या, मध्ये बाहेरच्या लोकांकडून तपासणी करा, मुलांशी प्रिन्सिपॉलच्या गैरहजेरीत बोला, पालकांशी बोला, मग पुढची मुदत द्यायची की नाही ते ठरवा. आणि जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला एक टर्म तरी बरोबर काम करू द्या. मार्टिन हे फूट यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसले होते म्हणून १९४८ चा बदल, तोही फाळणीनंतरच्या धामधुमीत, सुरळीत झाला. हे आज करायला कोण अडवतंय? दोन पगार द्यावे लागतात तेवढंच.

आणि जाता जाता, या सगळ्या यादीत एकही बाई नाही हे तुमच्या लक्षात आलं का? मुलांची शाळा म्हणून हेडमास्तर पुरुषच हवा असं बोर्डांना का वाटतं मला कळत नाही. दूनच्याच गावात १९३७ ला मिस ऑलिफंट नावाच्या बाईंनी मुलग्यांसाठी वेल्हम शाळा काढली आणि स्वतः चालवली, तिथून पोरं दूनला जायची, राजीव गांधीपण आधी तिथेच होते. म्हणजे लहान मुलगे सांभाळायला बाई चालते आणि मोठे झाले की चालत नाही. आमच्या मेट्रन बाई प्रिन्सिपॉल झाल्या असत्या तर शाळा जास्त बरी चालली असती, हे मी स्टाफरूममध्ये बोललो होतो तेव्हा सगळे हसले होते. मी मजेत बोललो नव्हतो.

तर संपादक साहेब, विनंती अशी आहे. अॅडमिशनचा सीझन आला की तुम्ही परत पुरवणी काढणारच, तेव्हा फीच्या शेजारी अजून एक कॉलम टाका, सध्याचे प्रिन्सिपॉल कुठल्या वर्षी आले आणि गेल्या पंधरा वर्षांत त्या खुर्चीवर एकूण किती जण बसले. जमलं तर हेही छापा की प्रिन्सिपॉल कॅम्पसवर राहतात की संध्याकाळी गाडीने घरी जातात, आणि स्वतः एखादा वर्ग तरी शिकवतात की नाही. शाळांना नुसता एक ईमेल करायचाय, ज्या सांगणार नाहीत त्यांच्यापुढे 'माहिती दिली नाही' एवढंच छापा, त्यातूनच पालकांना काय कळायचं ते कळेल. त्याच पुरवणीत शाळांच्या पानभर जाहिराती असतात हे मला दिसतं, म्हणून जाहिरात विभागाला विचारून मग उत्तर दिलंत तरी हरकत नाही, पण उत्तर द्या.

कळावे,
एक निवृत्त शिक्षक, सातारा